चष्म्याच्या फ्रेमवर कशाकशाचे ओझे असते

नव्या चष्म्यासाठी फ्रेम निवडताना मला दर वेळी एकाच विसंगतीला सामोरे जावे लागते. फ्रेम चेहऱ्यावर कशी दिसते हे पाहायचे, तर आधी स्वतःचा चष्मा उतरवावा लागतो. आणि तो उतरवला की माझा मायनस साडेसहाचा नंबर असा काही कामाला लागतो की, आरशात दिसणारा धूसर गोळा माझ्या चेहऱ्याचा आहे की मागे उभ्या असलेल्या विक्रेत्याच्या, हेही खात्रीने सांगता येत नाही. मग नाक आरशाला टेकेल इतके जवळ जायचे, मान डावी-उजवीकडे वळवायची, 'छान दिसते' हे विक्रेत्याचे म्हणणे प्रमाण मानायचे, आणि काडीला अडकवलेल्या चिठ्ठीवरचा आकडा वाचण्यासाठी जुना चष्मा पुन्हा चढवायचा. म्हणजे किंमत तेवढी स्पष्ट दिसते, वस्तू मात्र नाही.

आकडा वाचून झाला की पडणारा प्रश्नही ठरलेला असतो. हातातल्या वस्तूचे वजन वीस-पंचवीस ग्रॅम. काचा धरणाऱ्या दोन कडा, त्यांना जोडणारा नाकावरचा पूल, दोन काड्या, दोन बिजागऱ्या आणि मोजके स्क्रू, एवढाच तिचा पसारा. तिच्यात यंत्र नाही, वीज नाही. हलणारा भाग म्हणावा तर बिजागरी, आणि बिजागरी काही नवलाची गोष्ट नव्हे. एवढ्याच किमतीत कित्येकदा शेकडो सुटे भाग असलेली आणि वर्षानुवर्षे चालणारी उपकरणे मिळतात. मग फ्रेम इतकी महाग का असावी? याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. विकणारा म्हणतो, 'दर्जा'. चिडलेले गिऱ्हाईक म्हणते, 'एका कंपनीची मक्तेदारी'. दोन्हींत तथ्य आहे. परंतु या धंद्याविषयी हाती लागेल ते वाचल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या दोन्ही उत्तरांच्या मुळाशी एक तिसरीच गोष्ट आहे. चष्म्याच्या संपूर्ण व्यवहारात गिऱ्हाइकाला स्वतःच्या बुद्धीने पारखता येईल अशी वस्तू एकच असते, ती म्हणजे फ्रेम; आणि म्हणूनच ज्या ज्या गोष्टींचे पैसे त्याच्याकडून उघडपणे मागणे जड जाते, त्या सगळ्यांचे पैसे फ्रेमवर चढवले जातात.

आधी दर्जाचा मुद्दा घेऊ, कारण तो अगदीच खोटा नाही. जाड, चकचकीत, प्लॅस्टिकसारख्या दिसणाऱ्या फ्रेमांमध्ये दोन अगदी भिन्न कुळे असतात. पहिले कूळ सेल्युलोज ॲसिटेटचे. लाकडाचा लगदा किंवा सरकीवर उरलेले कापसाचे आखूड तंतू यांपासून हा पदार्थ तयार होतो, आणि त्याचे निरनिराळ्या रंगांचे थर व तुकडे एकत्र दाबून जाड तक्ते बनवले जातात. कासवाच्या पाठीसारखी जी तपकिरी-पिवळी नक्षी आपल्याला दिसते, ती वरून छापलेली नसून तक्त्याच्या आरपार गेलेली असते. इटलीतली माझ्झुकेल्ली ही कंपनी १८४९ पासून या ना त्या रूपात अशा कच्च्या मालाच्या व्यवसायात आहे. या तक्त्यातून यंत्राने फ्रेमचा पुढचा भाग कोरून काढतात, काचेसाठी आतून खाच पाडतात, उष्णता देऊन त्याला चेहऱ्याची वक्रता आणतात, काड्यांना ताठपणा यावा म्हणून त्या तापवून त्यांत धातूची तार घुसवतात आणि बिजागऱ्या बसवतात. त्यानंतर हे भाग लाकडाचे बारीक तुकडे आणि घासणारी पूड भरलेल्या पिंपांमध्ये कित्येक तास, अनेकदा कित्येक दिवस, फिरत ठेवले जातात, म्हणजे कोरलेल्या कडांची धार जाते. आणि शेवटची झळाळी माणसाच्या हातानेच, फिरत्या चाकावर, दिली जाते. कोरून काढताना तक्त्याचा बराच भाग भुग्याच्या रूपात वाया जातो, तो खर्च वेगळाच.

दुसरे कूळ साच्यातल्या फ्रेमांचे. नायलॉनच्या जातीचा किंवा तत्सम पदार्थ वितळवून साच्यात दाबला की पाहता पाहता फ्रेम तयार होते; तिच्यावर रंग फवारला की झाले. दुरून पाहणाऱ्याला, आणि माझ्यासारख्या चष्मा उतरवलेल्याला तर जवळूनही, या दोन्ही फ्रेमा सारख्याच दिसतात. फरक नंतर कळतो. ॲसिटेटची काडी गरम करून कानामागे हवी तशी वाकवता येते, तिच्यावर ओरखडा पडला तर घासून घालवता येतो. साच्यातल्या फ्रेमचा रंग वरचाच असल्यामुळे तो नाकापाशी आणि कानापाशी घामाने उडू लागतो. पण साच्यातली फ्रेम वाईटच असे समजण्याचेही कारण नाही, कारण खेळाडूंसाठी आणि लहान मुलांसाठी असलेल्या हलक्या, लवचीक आणि सहसा न तुटणाऱ्या फ्रेमा याच पद्धतीने होतात. तक्रार इतकीच की, चिठ्ठीवरचा आकडा या दोन कुळांमधला फरक प्रामाणिकपणे सांगत नाही. नामांकित शिक्का असलेली साच्यातली फ्रेम बिनशिक्क्याच्या ॲसिटेट फ्रेमपेक्षा कितीतरी महाग असू शकते.

धातूच्या फ्रेमांत टायटॅनियमचे तेच. हा धातू पोलादाच्या जवळपास निम्म्या घनतेचा, गंज न चढणारा, आणि निकेलने ज्यांच्या त्वचेला खाज सुटते अशांना सोसणारा. पण तापवला की तो हवेतल्या प्राणवायूशी झटकन संयोग पावतो, त्यामुळे त्याचे सांधे आरगॉनसारख्या निष्क्रिय वायूच्या आवरणात जोडावे लागतात. जपानमधल्या फुकुई प्रांतातल्या साबाए या गावाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे तंत्र साधले आणि जपानमध्ये बनणाऱ्या चष्म्याच्या फ्रेमांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आजही त्याच परिसरात बनतात. थोडे विषयांतर होईल, पण एक गोष्ट मला फार लक्षणीय वाटते. साबाएच्या भागात हा उद्योग १९०५ मध्ये मासुनागा गोझाएमोन यांनी आणला, तो बर्फाच्या महिन्यांत शेतकऱ्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून. फ्रान्समध्ये ज्युरा पर्वतातल्या मोरेझ या गावी १७९६ मध्ये एका खिळे बनवणाऱ्या कारागिराने तारेच्या फ्रेमा बनवायला सुरुवात केली, आणि इटलीचा फ्रेम उद्योग १८७८ पासून वाढला तो आल्प्सच्या कुशीतल्या कादोरे खोऱ्यात. तिन्ही जागा डोंगराळ, थंड आणि शेतीला प्रतिकूल. ज्या वस्तूला आज ऐषआरामाचा दर्जा आहे, ती तिच्या तिन्ही माहेरांत रिकाम्या हातांचे आणि स्वस्त मजुरीचे काम होती.

तेव्हा चांगली फ्रेम बनवायला कौशल्य लागते हे मान्य. तरीही ते कौशल्य चिठ्ठीवरच्या आकड्याचा किती भाग व्यापते? अमेरिकेतल्या लेन्सक्राफ्टर्स या दुकानांच्या साखळीची स्थापना करणारे डीन बटलर यांनी २०१९ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्स या वृत्तपत्राशी बोलताना सांगितले होते की, उत्तम प्रतीची फ्रेम कारखान्यातून चार ते आठ डॉलरला मिळू शकते आणि बड्या फॅशन नावांच्या तोडीची फ्रेम सुमारे पंधरा डॉलरला. धंद्यात हयात घालवलेल्या माणसाने धंद्यातून बाहेर पडल्यावर दिलेला हा कबुलीजबाब आहे, तेव्हा त्यात थोडा आवेश असेल असे धरून चालू. पण खालची मर्यादा दाखवणारे आणखी एक उदाहरण आहे. मार्टिन आउफमुट या जर्मन शिक्षकाने हाताने चालवायचे एक लहानसे यंत्र तयार केले, ज्यावर स्प्रिंगच्या पोलादी तारेपासून फ्रेम वळवता येते. त्यांच्या संस्थेचे नावच 'एक डॉलरचा चष्मा' असे आहे, कारण काचांसह एका चष्म्याच्या साहित्याचा खर्च साधारण तेवढाच येतो. फ्रेमचे मूळ काम दोन काचा डोळ्यांसमोर ठरावीक अंतरावर धरून ठेवणे एवढेच असेल, तर त्या कामाची किंमत जवळजवळ नाहीच, असा याचा अर्थ.

इथून खरा विषय सुरू होतो. चष्मा घेणारा माणूस दुकानातून प्रत्यक्षात काय काय घेतो, याची मोजदाद केली तर फ्रेम ही त्यातली सर्वांत साधी वस्तू निघते. पहिली गोष्ट डोळ्यांची तपासणी: अंधाऱ्या खोलीत बसवून 'हे अधिक स्पष्ट की हे' असे विचारत विचारत काढलेला नंबर, ज्याला प्रशिक्षित माणूस, उपकरणे आणि वेळ लागतो. दुसरी गोष्ट काचा: त्यांचा घासलेला पृष्ठभाग, त्यांवरचे चकाकी घालवणारे लेप, आणि चाळिशी लागलेल्यांसाठी दूरचे व जवळचे एकाच काचेत दाखवणारी ती किचकट वक्रता. तिसरी गोष्ट मापे: दोन बाहुल्यांमधले अंतर, काचेतला मध्यबिंदू डोळ्यासमोर नेमका कुठे यायला हवा ती उंची. चौथी गोष्ट बसवणी: काच फ्रेमच्या आकाराला कापणे, काड्या कानाला आणि पूल नाकाला बेताचा होईपर्यंत वाकवणे, आणि पुढची दोन वर्षे ढिला झालेला स्क्रू फुकट आवळून देणे. यातली एकही गोष्ट आपल्याला पारखता येत नाही. नंबर बरोबर काढला की जेमतेम, हे सामान्य माणसाला कळणार कसे? आणि जे कळत नाही त्याचे पैसे देताना माणूस हात आखडता घेतो. तपासणी पुष्कळ ठिकाणी फुकट किंवा नाममात्र असते ती याच कारणाने, औदार्याने नव्हे. ती फुकट तपासणी, तो फुकट आवळलेला स्क्रू, चुकलेल्या मापाची पुन्हा करून दिलेली काच, हे सगळे कुठून तरी भरून काढावे लागते, आणि ते निघते फ्रेममधून. कारण फ्रेम दिसते. तिच्यावर नाव असते, रंग असतो, ती तोंडावर मिरवता येते, आणि तिच्यासाठी जास्त पैसे देताना आपण काहीतरी घेतले असे वाटते.

याच हिशेबात न विकल्या गेलेल्या फ्रेमांचीही भर पडते. फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला तीन आकडे छापलेले असतात: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, तिन्ही मिलीमीटरमध्ये, उदाहरणार्थ ५२, १८ आणि १४०. एकच नमुना दोन-तीन मापांत आणि चार-पाच रंगांत ठेवायचा म्हटला तर दहा-पंधरा नग अडकून पडतात, आणि असे शेकडो नमुने भिंतीवर टांगल्याशिवाय गिऱ्हाईक आत येत नाही. त्यातले बरेच वर्षभर तिथेच लटकतात आणि मग फॅशन उलटते. जो नग विकला जातो तो आपल्या न विकलेल्या भावंडांचाही भार वाहतो. शिवाय माणूस चष्मा दोन-तीन वर्षांतून एकदा घेतो. मागच्या वेळी किती दिले होते हे त्याला आठवत नाही, बाजारभाव म्हणजे काय याची कल्पना नसते, आणि जुना चष्मा तुटलेला असेल तर चार ठिकाणी फिरण्याइतके त्याला दिसतही नसते. अशा गिऱ्हाइकाशी घासाघीस कोण करणार?

किंमत दिसेनाशी ठेवण्याला काही काळ कायद्याचीही साथ होती. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत एके काळी चष्म्याच्या किमतीची जाहिरात करण्यासच मनाई होती. वैद्यकीय सेवेची जाहिरात करणे अशोभनीय, असा त्यामागचा युक्तिवाद होता. ली बेनहॅम या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात जाहिरातीला बंदी असलेली राज्ये आणि नसलेली राज्ये यांची तुलना केली, तेव्हा बंदी असलेल्या राज्यांतले चष्मे ठळकपणे महाग निघाले. पुढे १९७८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने असा नियम केला की, तपासणी झाल्यावर नंबराची चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात दिलीच पाहिजे, त्याने चष्मा तिथूनच घेण्याची सक्ती नाही. असा नियम करावा लागला, यावरूनच तपासणी आणि फ्रेम यांची गाठ किती घट्ट मारलेली होती ते समजते.

या गाठीच्या उलट बाजूचा एक प्रयोग ब्रिटनमध्ये झाला, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. १९४८ मध्ये तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा चष्मे मोफत मिळू लागले. फ्रेमांचे मोजके नमुने ठरवून दिलेले होते, आणि त्या केवळ वैद्यकीय साधन म्हणून बनवलेल्या होत्या. मागणी एवढी उसळली की खर्च आवाक्याबाहेर गेला आणि १९५१ मध्ये चष्म्यांवर शुल्क लावावे लागले; ज्यांनी ही सेवा उभी केली ते अन्यूरिन बेव्हन याच वादात मंत्रिपदावरून पायउतार झाले. तरी नमुन्यांच्या त्या स्वस्त फ्रेमा १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू राहिल्या. पण झाले काय, की त्या फ्रेमा ओळखू येऊ लागल्या. शाळेत त्या लावणारी मुले चिडवली जाऊ लागली, आणि ज्यांना परवडत होते ते केवळ 'सरकारी चष्मा' दिसू नये म्हणून पदरचे पैसे मोजून दुसरी फ्रेम घेऊ लागले. काच तीच, नंबर तोच. पैसे मोजले जात होते ते गरीब न दिसण्याचे. आणि मग १९६०च्या दशकात बीटल्स या गाजलेल्या ब्रिटिश बँडमधल्या जॉन लेननने त्याच सरकारी धाटणीचा गोल, तारेचा चष्मा लावला आणि ज्या आकाराची लाज वाटत होती तोच आकार लोक हौसेने विकत घेऊ लागले. तारेची किंमत या काळात वाढली नव्हती.

ही गोष्ट धंद्यातल्या ज्या माणसाने सर्वांत नीट ओळखली, तो लिओनार्दो देल वेक्क्यो. १९३५ मध्ये मिलानमध्ये जन्मलेला आणि अनाथाश्रमात वाढलेला हा कारागीर १९६१ मध्ये आगोर्दो या डोंगरातल्या गावी गेला आणि तिथे त्याने लक्सॉटिका ही कंपनी काढली. आरंभी ती इतरांसाठी फ्रेमचे सुटे भाग बनवत असे, नंतर पूर्ण फ्रेमा बनवू लागली. कलाटणी मिळाली ती १९८८ मध्ये, जॉर्जिओ अरमानी या इटलीतल्या फॅशनच्या घराशी केलेल्या करारामुळे. त्यापूर्वी चष्मा ही डॉक्टरने गळ्यात मारलेली वस्तू होती. त्यानंतर ती कपड्यांसारखी अंगावर घालायची वस्तू झाली. अशा करारांत फॅशनचे घर आपले नाव देते, नमुन्यांना मान्यता देते. फ्रेमा बनवतो आणि विकतो चष्म्याचा कारखानदार, आणि विक्रीचा ठरावीक हिस्सा नावाच्या मालकाला जातो, शिवाय जाहिरातीचा खर्चही ठरवून घेतलेला असतो. म्हणजे काडीवरच्या त्या इवल्याशा अक्षरांचे भाडे आपण भरत असतो. अरमानीचे नाव २००३ मध्ये लक्सॉटिकाकडून तिच्या प्रतिस्पर्धी साफिलोकडे गेले आणि २०१३ मध्ये पुन्हा लक्सॉटिकाकडे आले. या जाण्या-येण्यात कारखाना बदलला, पण दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागण्याचे काही कारण नव्हते. त्या नावांच्या मालकांनाही पुढे हिशेब उमगला. गुची ज्यांच्या मालकीचे आहे त्या केरिंग समूहाने साफिलोशी असलेला करार मुदतीआधी संपवण्यासाठी नऊ कोटी युरो भरपाई दिली आणि २०१४ मध्ये स्वतःचा चष्म्यांचा व्यवसाय उभारण्याचे जाहीर केले. एवढी भरपाई देऊनही जे परवडते, त्यात किती नफा असावा याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

देल वेक्क्योची दुसरी चाल अधिक खोल होती. १९९५ मध्ये त्याने लेन्सक्राफ्टर्स ही दुकानांची साखळी हाती घेतली, ती मिळवण्यासाठी तिची मालक असलेली अख्खी बुटांची कंपनी विकत घेऊन. १९९९ मध्ये बॉश अँड लोम्बकडून रे-बॅन घेतले, चौसष्ट कोटी डॉलरला. त्या वेळी हे नाव इतके उतरले होते की ते गॉगल पेट्रोल पंपांवरही मिळत. लक्सॉटिकाने ते हजारो विक्रीकेंद्रांतून काढून घेतले, उत्पादन सुधारले, आणि काही काळानंतर वाढीव किमतीला बाजारात आणले. उत्पादन खरोखरच सुधारले होते, हे नाकारता येणार नाही. पण नाव दुर्मीळ करणे हाही त्या किमतीचाच एक भाग होता. २००१ मध्ये सनग्लास हट ही दुकाने घेतली आणि लगोलग ओकली या गॉगल बनवणाऱ्या कंपनीशी किमतींवरून बिनसले. ओकलीचा माल त्या दुकानांत घटला, तिचे समभाग कोसळले, मग समेट झाला, आणि २००७ मध्ये लक्सॉटिकाने ओकलीच विकत घेतली, दोनशे दहा कोटी डॉलरला. दुकान ज्याचे, त्याच्याशी कारखानदाराने भांडू नये, हा धडा इतरांनी या प्रकरणातून घेतला असणारच. २०१८ मध्ये काचा बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीशी, फ्रान्सच्या एसिलॉरशी, लक्सॉटिकाचे विलीनीकरण पूर्ण झाले आणि २०२१ मध्ये ग्रँडव्हिजन ही हजारो दुकानांची डच साखळीही या जोडकंपनीकडे आली. आज फ्रेम, काच, दुकान आणि अमेरिकेत तर चष्म्याचा विमासुद्धा एकाच घरातून येऊ शकतो.

आणि तरीही 'सगळे त्या एका कंपनीमुळे' हे म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. तिच्या बाहेरही पुष्कळ कारखाने आहेत. विशेषतः चीनमध्ये बनणाऱ्या फ्रेमांची संख्या अफाट आहे, आणि तिच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या दुकानांत फ्रेमा स्वस्त असतात असेही नाही. एका घरात सर्व एकवटल्यामुळे किमती उतरण्याचे दडपण नाहीसे झाले, असे फार तर म्हणता येईल. किमती चढण्याची वाट मात्र आधीच तयार होती. त्या कंपनीचे ताळेबंद पाहिले तर माल बनवण्याचा खर्च वजा जाता विक्रीतले शेकडा साठांहून अधिक उरतात, पण दुकाने, माणसे, जाहिरात आणि नावांचे भाडे हे सगळे फेडल्यावर हातात उरणारा व्यवसायाचा नफा शेकडा सोळा-सतराच्या घरात येतो. म्हणजे मधला प्रचंड पैसा फ्रेम बनवण्यात जात नाही आणि सगळाच मालकाच्या खिशातही जात नाही. तो फ्रेम विकण्यात जातो.

इंटरनेटवरून चष्मे विकणाऱ्यांनी हा मधला पैसा वाचवून दाखवला, काही काळ तरी. अमेरिकेत वॉर्बी पार्करने २०१० मध्ये काचांसह पंच्याण्णव डॉलरला चष्मा देऊ केला आणि मोठी खळबळ उडाली. त्याच कंपनीने २०१३ मध्ये मात्र स्वतःचे दुकान उघडले, मग आणखी उघडली, आणि तिथे डोळे तपासण्याची सोयही केली. बाहुल्यांमधले अंतर आरशासमोर पट्टी धरून स्वतः मोजणे जिकिरीचे असते, आणि टपालाने आलेल्या चष्म्याची काडी कानावर टोचू लागली तर ती वाकवून देणारा कोणी नसतो. दुकान हा निव्वळ अडत्या असता, तर त्याला वगळणाऱ्यांना पुन्हा दुकान थाटावे लागले नसते.

फ्रेमवर काय काय लादलेले असते याची मला पटलेली सर्वांत सोपी परीक्षा गेल्या खेपेला अनायासे झाली. माझी जुनी ॲसिटेटची फ्रेम सुस्थितीत होती, नंबर तेवढा पाव-अर्ध्याने वाढला होता, म्हणून मी त्याच फ्रेममध्ये नव्या काचा बसवून देण्यास सांगितले. समोरच्या माणसाचा उत्साह एकाएकी मावळला. जुनी फ्रेम तापवताना तडकली तर जबाबदारी आमची नाही, असे त्याने दोनदा बजावले, जे रास्तच होते, कारण जुने ॲसिटेट खरोखर ठिसूळ होते. नंतर काचांचा दर सांगितला, तो काही दिवसांपूर्वी नव्या फ्रेमसह सांगितलेल्या काचांच्या दरापेक्षा अधिक होता, आणि शिवाय बसवणीचे आणि तपासणीचे पैसे वेगळे लावले होते, जे एरवी बिलावर कधी दिसले नव्हते. मी कारण विचारले. 'फ्रेम घेतली की आम्ही ते धरत नाही,' असे तो अगदी सरळपणे म्हणाला. मी पैसे दिले. चार दिवसांनी चष्मा आला, तडा गेलेला नव्हता, आणि डाव्या काडीचा जो स्क्रू दोन वर्षे ढिला होता तोही त्याने न मागता आवळून दिला होता.